रस्त्याकडेच्या फलकावरचं मूळ संख्येचं कोडं: छोट्याशा प्रोग्रॅमने ते कसं सोडवायचं

२००४ सालच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीमध्ये, १०१ क्रमांकाच्या महामार्गालगत, एक पांढरा जाहिरात फलक लागला. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं, चित्र नव्हतं, फोन नंबरही नव्हता. महिरपी कंसात एक ओळ होती आणि कंसाच्या पुढे ‘डॉट कॉम’. ओळीचा अर्थ एवढाच: ‘ई’ या संख्येच्या सलग अंकांमध्ये सापडणारी पहिली दहा अंकी मूळ संख्या. असाच फलक देशाच्या दुसऱ्या टोकाला, केंब्रिजच्या हार्वर्ड स्क्वेअरमध्येही होता. ज्याला ती संख्या सापडेल त्याने ती वेबसाइटचा पत्ता म्हणून टाइप करायची. तिथे दुसरं कोडं वाट पाहत असायचं. तेही सुटलं की कळायचं, हा फलक गूगलचा आहे आणि त्यांना इंजिनिअर हवे आहेत.

ती भरती केव्हाच संपली. प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेल्या माणसाला पहिलं सलग काम कोणतं द्यावं असं मला कुणी विचारलं, तर मी मात्र आजही हेच कोडं देतो. प्रोग्रॅम छोटा आहे, गणित शाळेतलं आहे आणि तरी आत एक सापळा आहे. मूळ संख्या ओळखताना सहसा कुणी अडत नाही. माणूस अडतो तो ‘ई’ चे अंक मिळवताना. आणि अडला तर बरं, कारण पुष्कळदा अडल्याचं कळतही नाही: प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो आणि चुकीच्या अंकांत शोध घेत बसतो. म्हणून या लेखात मी मूळ संख्येच्या चाचणीपेक्षा अंकांवर जास्त वेळ घालवणार आहे.

आधी कोडं कागदावर

‘ई’ म्हणजे २.७१८२८… ही संख्या चक्रवाढ व्याजातून समजते. १ रुपया वर्षाला १०० टक्के व्याजाने ठेवला आणि व्याज वर्षाअखेरीस एकदाच जमा झालं, तर २ रुपये होतात. सहा महिन्यांनी जमा होत गेलं तर २.२५. दर महिन्याला जमा झालं तर सुमारे २.६१३, रोज जमा झालं तर सुमारे २.७१४६. जमा होण्याची वेळ कितीही जवळ आणली तरी रक्कम एका मर्यादेपलीकडे जात नाही, आणि ती मर्यादा म्हणजे ‘ई’. याकोब बर्नुलीने सतराव्या शतकात याच व्याजाच्या हिशेबातून तिचा माग काढला आणि ऑयलरने पुढे तिला हे अक्षर दिलं. तिचे दशांश अंक कधी संपत नाहीत आणि त्यांची आवर्तनंही होत नाहीत.

आता अंक एका ओळीत लिहा आणि दशांश चिन्ह विसरून जा:

२७१८२८१८२८४५९०४५२३५३६०२८७४७१३५२६६२…

या पट्टीवरून दहा घरांची एक खिडकी सरकवायची आहे. पहिल्या खिडकीत २७१८२८१८२८ दिसतं, एक घर सरकलो की ७१८२८१८२८४, मग १८२८१८२८४५. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: ही मूळ संख्या आहे का? पहिल्यांदा ‘हो’ आलं की थांबायचं.

दोन बारकावे इथेच ठरवून टाका. सुरुवातीचा २ धरायचा की फक्त दशांश स्थळं? तो धरला तर एकच खिडकी वाढते, आणि तिच्यातली संख्या सम आहे. म्हणजे उत्तर बदलत नाही, फक्त मोजणी एकाने सरकते. मी २ धरून मोजतो. दुसरा बारकावा शून्याचा. खिडकीतला पहिला अंक ० असेल तर ती दहा अंकी संख्या राहत नाही, ती सोडून द्यायची.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी पहिल्या ११ खिडक्या हाताने तपासून पाहा, असा माझा आग्रह आहे. शेवटचा अंक ०, २, ४, ५, ६ किंवा ८ असेल तर विषय संपला. तेवढ्या चाळणीनंतर ११ पैकी ३ खिडक्या उरतात: ८२८१८२८४५९, २८४५९०४५२३ आणि ४५९०४५२३५३. मधलीच्या अंकांची बेरीज ४२, म्हणजे तिला ३ ने भाग जातो. शेवटची १७ × २७००२६६०९ आहे, हे कागदावर पाच मिनिटांत निघतं. पहिली मात्र दाद देत नाही. १०० च्या आतल्या एकाही मूळ संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, हे मी हाताने करून पाहिलं आहे. संगणक का हवा, हे त्या एका संख्येपाशी थांबल्यावर आपोआप कळतं.

किती खिडक्या लागतील?

हा अंदाज आधी बांधून ठेवा. दहा अंकी संख्या एकूण ९०० कोटी आहेत आणि त्यांत मूळ संख्या ४०,४२,०४,९७७. म्हणजे साधारण दर २२ संख्यांमागे एक. ‘ई’ चे अंक कसेही विखुरलेले आहेत असं मानलं तर वीस-पंचवीस खिडक्यांत उत्तर यायला हवं, आणि अगदीच नशीब फिरलं तर शंभरेक खिडक्या लागतील. म्हणून १५० अंक काढले तर बहुधा पुरतील. नाही पुरले तर एक आकडा बदलून जास्त काढता येतात.

अंक कुठून आणायचे?

सगळ्यांत पहिला विचार हाच येतो की पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ‘ई’ तयार मिळतो, तोच वापरू. छापून पाहिला तर २.७१८२८१८२८४५९०४५ दिसतं. आपल्याला जास्त अंक हवेत, म्हणून ३० दशांश स्थळं मागितली, तर तो मुकाट्याने हे देतो:

२.७१८२८१८२८४५९०४५०९०७९५५९८२९८४२८

आणि खरे अंक असे आहेत:

२.७१८२८१८२८४५९०४५२३५३६०२८७४७१३५२…

पंधराव्या दशांश स्थळापर्यंत दोन्ही जुळतात, सोळाव्यापासून वाटा वेगळ्या. संगणक दशांश संख्या ५३ द्विमान अंकांत साठवतो, त्यात पंधरा-सोळा दशमान अंकांएवढीच माहिती मावते. पुढचे अंक त्याने थापा मारून दिलेले नाहीत. त्याने साठवलेल्या अपूर्णांकाचे ते खरेखुरे अंक आहेत, पण तो अपूर्णांक म्हणजे ‘ई’ नव्हे. स्क्रीनवर कुठेही लाल अक्षरं येत नाहीत, आणि अशा अंकांतही एखादी दहा अंकी मूळ संख्या निघू शकते. ती घेऊन माणूस खुशाल पुढे जातो. या कोड्यातला सापळा तो हाच.

यातून वाट अशी: दशांश अपूर्णांक वापरायचेच नाहीत, सगळा हिशेब पूर्णांकांत करायचा. पायथॉनमध्ये पूर्णांक हवा तेवढा मोठा होऊ शकतो, १६० अंकी संख्याही तो शेवटच्या एककापर्यंत अचूक ठेवतो.

‘ई’ ची एक सुंदर मालिका आहे: १ + १/१ + १/(१×२) + १/(१×२×३) + १/(१×२×३×४) + … प्रत्येक पद आधीच्या पदाला पुढच्या क्रमांकाने भागून मिळतं. पूर्णांकांत आणण्यासाठी १ च्या जागी १००००० घेऊन सुरुवात करू आणि प्रत्येक भागाकारात बाकी सोडून देऊ:

१०००००, १०००००, ५००००, १६६६६, ४१६६, ८३३, १३८, १९, २, ०

बेरीज येते २७१८२४. खरे अंक २७१८२८. पहिले पाच बरोबर, सहावा ४ ने कमी. हा फरक सोडून दिलेल्या बाक्यांचा आहे: प्रत्येक पदात आपण एकापेक्षा कमी असं काहीतरी टाकून देतो आणि ते साठत जातं. उपाय साधा आहे. हवेत त्यापेक्षा थोडे जास्त अंक काढायचे आणि शेवटचे फेकून द्यायचे. या जादा अंकांना मी राखीव अंक म्हणतो.

आपल्याला १५० दशांश स्थळं हवीत, १० राखीव घेऊ. म्हणजे सुरुवात १ वर १६० शून्यं असलेल्या संख्येने. १०२ चं क्रमगुणित, म्हणजे १ पासून १०२ पर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, त्या संख्येहून मोठं आहे, त्यामुळे १०२ ने भागायची वेळ येते तेव्हा पद शून्य होतं आणि हिशेब आपोआप थांबतो. जेमतेम १०० पदं, प्रत्येकात एकाहून कमी तूट, म्हणजे एकूण तूट तीन अंकांच्या पलीकडे जात नाही. राखीव १० आहेत. भरपूर झाले.

प्रोग्रॅमचा पहिला भाग मराठीत असा मांडता येईल:

```
स्थाने = १५०
राखीव = १०
पद = १० ** (स्थाने + राखीव)
बेरीज = ०
क = ०
जोपर्यंत पद > ० :
    बेरीज = बेरीज + पद
    क = क + १
    पद = पद // क
अंक = मजकूर( बेरीज // १० ** राखीव )
```

दोन तारका म्हणजे घात, दोन तिरप्या रेघा म्हणजे बाकी सोडून केलेला भागाकार. इथे एकेरी तिरपी रेघ चुकूनही वापरू नका. ती लावली की पायथॉन दशांश अपूर्णांकात उतरतो आणि आपण पुन्हा त्याच सापळ्यात. शेवटच्या ओळीत संख्येचं अक्षरांच्या माळेत, म्हणजे स्ट्रिंगमध्ये रूपांतर केलं आहे, कारण खिडकी सरकवायला अंकांची पट्टी लागते.

पायथॉनमध्ये लिहिताना ‘जोपर्यंत’ साठी व्हाइल, ‘जर’ साठी इफ, ‘प्रत्येक’ साठी फॉर, ‘उत्तर’ साठी रिटर्न असे त्या भाषेचे शब्द येतील. ‘मजकूर’ म्हणजे एसटीआर आणि ‘संख्या’ म्हणजे इंट ही तयार फंक्शन्स. चलांची नावं मात्र तुम्ही खरोखर देवनागरीत ठेवू शकता, पायथॉन ३ ती स्वीकारतो. प्रोग्रॅममधले आकडे तेवढे रोमन कळफलकावरचे लागतात.

मूळ आहे का?

एखाद्या संख्येला १ आणि ती स्वतः सोडून विभाजक असतील, तर त्यांतला निदान एक तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही वर्गमुळाहून मोठे असते तर गुणाकार संख्येच्या वर गेला असता. दहा अंकी संख्येचं वर्गमूळ १,००,००० च्या आत असतं, म्हणजे तपासायचे भाजक लाखाच्या आतले. २ वेगळा काढला की पुढे फक्त विषम भाजक पुरतात.

```
मूळ_आहे_का(स) :
    जर स < २ : उत्तर नाही
    जर स % २ == ० : उत्तर (स == २)
    भ = ३
    जोपर्यंत भ * भ <= स :
        जर स % भ == ० : उत्तर नाही
        भ = भ + २
    उत्तर हो
```

टक्क्याचं चिन्ह बाकी काढतं. वर्गमूळ काढायचंच टाळून मी ‘भ * भ <= स’ असं लिहिलं आहे, म्हणजे इथेही दशांश अपूर्णांक येत नाहीत. या ओळीतलं ‘बरोबर’ चं चिन्ह गळलं तर ४९ आणि १२१ या मूळ संख्या ठरतील, कारण त्यांचा एकमेव भाजक नेमका वर्गमुळावर बसलेला असतो. ही चूक फार सामान्य आहे आणि लवकर दिसत नाही. तिच्यासाठी माझ्याकडे एक खास चाचणी-संख्या आहे: ९९९८२०००८१. ही ९९९९१ × ९९९९१ आहे, आणि ९९९९१ ही सगळ्यांत मोठी पाच अंकी मूळ संख्या. तुमच्या फंक्शनने हिला ‘नाही’ म्हटलं, तर वरची सीमा ठीक आहे.

सी किंवा जावामध्ये लिहिणाऱ्यांनी आणखी एक जपावं. ३२ बिटांच्या सर्वसाधारण पूर्णांकाची कमाल २१४७४८३६४७ आहे. (ही स्वतः दहा अंकी मूळ संख्या आहे, ऑयलरने १७७२ मध्ये ते सिद्ध केलं.) आपल्या बहुतेक खिडक्यांतल्या संख्या तिच्याहून मोठ्या आहेत, आणि भ ४६,३४१ वर पोचला की भ * भ सुद्धा मावत नाही, ऋण होऊन बसतो. तेव्हा ६४ बिटांचा प्रकार घ्या. पायथॉनवाल्यांना ही काळजी नाही.

कुणी म्हणेल, सगळ्या विषम संख्यांनी कशाला भागायचं, एरॅटोस्थेनिसची चाळणी लावून लाखाच्या आतल्या मूळ संख्याच आधी काढून ठेवू. त्या ९,५९२ आहेत, म्हणजे भागाकार जवळपास पाचपटीने कमी होतील. विचार अगदी बरोबर आहे आणि हजारो संख्या तपासायच्या असतील तर मीही तेच करेन. इथे मात्र शेवटच्या, खऱ्या मूळ संख्येसाठीही ४३,०९० भागाकारच लागतात आणि बाकीच्या बहुतेक खिडक्या त्याच्या कितीतरी आधी गळतात. काम डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. साधं ठेवा.

खिडकी सरकवणं

```
लांबी = १०
प्रत्येक जागा, ० पासून (अंकांची एकूण संख्या − लांबी) पर्यंत :
    तुकडा = अंक[ जागा पासून पुढचे लांबी-इतके ]
    जर तुकड्याचा पहिला अंक ‘०’ : पुढच्या जागेवर जा
    जर मूळ_आहे_का( संख्या(तुकडा) ) :
        छापा जागा + १, तुकडा
        थांबा
```

लांबी हा वेगळा चल ठेवला आहे, १० हा आकडा आत कोरलेला नाही. त्याचा उपयोग लगेच पुढे आहे. पायथॉनमधला फॉर शेवटची जागा धरत नाही, म्हणून तिथे वजाबाकीनंतर १ मिळवायला विसरू नका, नाहीतर शेवटची खिडकी तपासलीच जाणार नाही.

चालवायच्या आधी तपासा

दहा अंकी उत्तर बरोबर आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. लहान उत्तरं मात्र हाताने तपासता येतात. लांबी १ ठेवा: उत्तर २ यायला हवं. लांबी २: पहिली खिडकी २७, ती ३ ने जाते, दुसरी ७१, ती मूळ. लांबी ३: पहिल्याच खिडकीत २७१, मूळ.

लांबी ४ ही फार चांगली परीक्षा आहे. २७१८, ७१८२, १८२८ सम. चौथी खिडकी ८२८१, ही चक्क ९१ चा वर्ग, म्हणजे ७ ने जाते. पुढे ८४५९ म्हणजे ११ × ७६९. चौदाव्या खिडकीत ०४५२ येते आणि शून्याचा नियम कामाला लागतो. पंधराव्या खिडकीत ४५२३, आणि ही मूळ आहे. तुमचा प्रोग्रॅम ‘१५, ४५२३’ असं छापत असेल तर पट्टी, खिडकी आणि चाचणी ही तिन्ही कामं जागच्या जागी आहेत. वाटलं तर लांबी ७ ही करून पाहा. उत्तर पहिल्याच खिडकीत मिळेल, कारण २७१८२८१ ही स्वतःच मूळ संख्या आहे.

या सगळ्या चाचण्या पट्टीच्या सुरुवातीच्याच अंकांवर होतात. दूरच्या अंकांसाठी वेगळी साक्ष हवी. एक सोपी युक्ती अशी की राखीव १० ऐवजी ३० करून पुन्हा चालवायचं. १५० अंक तेच राहिले तर तुटीची भीती गेली. दुसरी साक्ष पूर्ण स्वतंत्र आहे: पायथॉनच्या डेसिमल नावाच्या मॉड्यूलमध्ये अचूकता १६० अंकांची ठेवायची, १ चा घातांकी फल (म्हणजे ‘ई’ चा पहिला घात) काढायचा आणि त्याच्या पहिल्या १५१ अंकांची आपल्या पट्टीशी अक्षरशः तुलना करायची. दोन वेगळ्या वाटांनी तेच अंक आले, तर मग विश्वास ठेवावा. ही पायरी टाळणारे पुष्कळ असतात. माझ्या मते उत्तरावर तुमचा हक्क तयार होतो तो इथेच.

आता लांबी १०

प्रोग्रॅम छापतो:

१०० ७४२७४६६३९१

शंभरावी खिडकी! म्हणजे दशांश चिन्हानंतरच्या ९९ व्या अंकापासून १०८ व्या अंकापर्यंत. आपला अंदाज वीस-पंचवीसचा होता. इतकी वाट पाहावी लागण्याची शक्यता काढली तर शंभरात एक-दोनदाच असं व्हावं. अशा वेळी मनात शंका आलीच पाहिजे की मधली एखादी मूळ संख्या प्रोग्रॅमच्या हातून निसटली तर नाही? म्हणून मी बाद झालेल्या ९९ खिडक्यांचा हिशेब कागदावर मांडला. ५९ खिडक्या निव्वळ शेवटच्या अंकामुळे बाद होतात. उरलेल्या ४० पैकी १७ खिडक्यांच्या अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो. राहिल्या २३. खरं काम संगणकाने केलं ते या २३ संख्यांवर: प्रत्येकीचा सगळ्यांत लहान भाजक छापायला सांगा आणि तो गुणाकार करून पडताळा. शून्याने सुरू होणाऱ्या खिडक्या ५ आहेत, आणि त्या पाचही शेवटच्या अंकावरच गळतात. म्हणजे शून्याचा नियम तुम्ही लिहायला विसरला असतात तरी या कोड्यात उत्तर बदललं नसतं.

७४२७४६६३९१ चं वर्गमूळ ८६,१८२ आणि ८६,१८३ यांच्या मध्ये आहे. ८६,१८२ पर्यंतच्या कोणत्याही संख्येने तिला भाग जात नाही. फलकावरच्या कंसाची जागा भरली.

दुसरं कोडं

त्या पत्त्यावर गेलेल्यांना चार संख्या दिसत आणि पाचवी विचारलेली असे:

७१८२८१८२८४
८१८२८४५९०४
८७४७१३५२६६
७४२७४६६३९१
?

चौथी आपली ओळखीची. त्यामुळे मन लगेच मूळ संख्यांकडे धावतं, पण पहिली तर सम आहे. मूळ असण्याचा इथे काही संबंध नाही. चारही संख्या ‘ई’ च्या पट्टीतल्या खिडक्या आहेत, हे आपल्याला दिसतंच, कारण पहिल्या दोन आपण हाताने पाहून झालो. मग त्यांच्यात समान काय? अंकांची बेरीज करा. ७+१+८+२+८+१+८+२+८+४ = ४९. दुसरीची ४९. तिसरीची ४९. चौथीचीही ४९.

प्रोग्रॅममध्ये एकच ओळ बदलायची: ‘मूळ आहे का’ ऐवजी ‘अंकांची बेरीज ४९ आहे का’, आणि ‘थांबा’ काढून टाकायचं. दशांश चिन्हानंतरच्या १, ५, २३, ९९ आणि १२७ या जागांवर खिडक्या सापडतात. १२७ व्या जागेवरची संख्या ५९६६२९०४३५, तेच उत्तर. १५० अंक इथेही पुरले.

हे हाताने करून पाहायलाही मजा येते. बेरीज दर वेळी नव्याने करायची गरज नसते: खिडकी एक घर सरकली की बाहेर पडलेला अंक वजा करायचा, आत आलेला मिळवायचा. ९९ व्या जागेवर ४९ आहे. पुढे ७ गेला, ९ आला, ५१. मग ४ गेला, ३ आला, ५०. असं करत २८ पावलांत १२७ वर पुन्हा ४९ येतं. याच युक्तीने प्रोग्रॅमही लिहून पाहा.

लांबी वाढवली तर

लांबी ११, १२, १३ करून पाहायचा मोह होईल, आणि व्हायलाच हवा. लांबी एकाने वाढली की वर्गमूळ सुमारे ३.१६ पटीने वाढतं, आणि भागाकारही तितकेच. १२ अंकांपर्यंत काही जाणवणार नाही. २० अंकांना वर्गमूळ हजार कोटींच्या घरात जातं आणि आपलं साधं फंक्शन गुडघे टेकतं. तिथे चाचणी बदलावी लागते.

मिलर–रॅबिन चाचणी भाजक शोधतच नाही. ती २, ३, ५ अशा पायांचे मोठे घात काढून बाकी पाहते, आणि पायथॉनचं पॉव हे फंक्शन तिसरी किंमत दिली की असे घात झटकन काढून देतं. एक पाया पुरत नाही. नुसती फर्माची कसोटी, म्हणजे या चाचणीचं साधं रूप, २ हा पाया घेऊन लावली तर ३४१ उत्तीर्ण होते, आणि ती ११ × ३१ आहे. मिलर–रॅबिन चाचणी २, ३, ५, ७ आणि ११ या पाचही पायांवर उत्तीर्ण झालेली संख्या २१५२३०२८९८७४७ हून लहान असेल, तर ती निश्चित मूळ असते. म्हणजे १२ अंकांपर्यंत या पाच पायांवर डोळे मिटून विसंबता येतं, त्यापुढे जास्त पाये घ्यावे लागतात. मूळ असणं संभाव्यतेचा आधार न घेता, आणि अंकांच्या संख्येच्या मानाने माफक वेळात, नेहमीच ठरवता येतं, हे मात्र २००२ मध्ये आपल्याकडच्या आयआयटी कानपूरमधल्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. त्यांची पद्धत प्रत्यक्ष वापरात मिलर–रॅबिनपेक्षा हळू आहे, पण तिच्यात ‘बहुधा’ हा शब्द कुठेच येत नाही.

‘ई’ झाल्यावर पट्टी बदला. २ चं वर्गमूळ घ्या: पायथॉनच्या गणिताच्या संचात पूर्णांकी वर्गमूळ काढणारं फंक्शन आहे. २ वर ३२० शून्यं ठेवून त्याला दिलीत की १६० दशांश स्थळं थेट मिळतात, तीही एकाही तुटीशिवाय, म्हणजे राखीव अंकांचीसुद्धा गरज नाही. मग पाय (π) ही संख्या घ्या, पण त्याची मालिका निवडताना थोडा विचार करा. १ − १/३ + १/५ − १/७ ही दिसायला सोपी मालिका इतकी हळू चालते की १५० अंक तिच्याकडून कधीच मिळणार नाहीत. मॅकिनचं १७०६ सालचं सूत्र घ्या, ज्यात १/५ आणि १/२३९ यांच्या व्यस्त स्पर्शिकांची पदं आहेत. ते आपल्या ‘ई’ च्या हिशेबासारखंच पूर्णांकांत बसतं. राखीव अंक ठेवा आणि लांबी १ पासून सुरुवात करा.